चौदा लाखांची स्पॉन्सरशिप म्हणजे उलटी उचल

तुझं पत्र मोठं होतं, म्हणून प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. वय सत्तावीस, राहायला सिंहगड रोड, पाच वर्षं पुण्यातल्याच दोन रेस्टॉरंटच्या किचनमध्ये. सध्या तंदूर सांभाळतोस, अधूनमधून करी सेक्शनही. चुलतभावाच्या ओळखीतला एक जण मेलबर्नच्या उपनगरातल्या इंडियन रेस्टॉरंटची स्पॉन्सरशिप, म्हणजे तिथल्या मालकाच्या नावावर मिळणारा नोकरीचा व्हिसा, काढून देतो म्हणतोय. चौदा लाख रुपये. त्यातले आठ इथून निघण्याआधी, सहा तिथं गेल्यावर पगारातून. पन्नास हजारांचं टोकन तू देऊन बसलायस आणि उरलेल्यासाठी घरात भोरकडचे दोन गुंठे विकायची बोलणी सुरू आहेत. तू विचारतोस, ‘सर, रेट बरोबर आहे का?’

वयानं लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतो. रेटची गोष्टच सोड. ऑस्ट्रेलियात स्पॉन्सरशिपच्या बदल्यात कामगाराकडून पैसे मागणं किंवा घेणं हा डिसेंबर २०१५ पासून फौजदारी गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि हे नीट वाच: पैसे देणाराही सुटत नाही. त्याला दंड होऊ शकतो आणि त्याचा व्हिसा रद्द होऊ शकतो. म्हणजे चौदा लाख देऊन तू जे विकत घेणार, ते त्याच व्यवहारामुळे कधीही तुझ्या हातून काढून घेता येईल. आणि ही गोष्ट तुझ्या मालकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असेल.

मी कोण ते सांगतो. मी नोंदणीकृत मायग्रेशन एजंट नाही, कुणाचे व्हिसा भरून देत नाही. २०११ मध्ये पुण्यातून कुक म्हणून तिकडे गेलो, अकरा वर्षं राहिलो. पहिली दोन वर्षं तंदूरवर गेली, शेवटची चार हेड शेफ म्हणून. त्या चार वर्षांत मालकाशेजारी बसून इतरांची नॉमिनेशनं, म्हणजे व्हिसासाठीची नामांकनं, भरली. आता कोथरूडला असतो, हॉटेल मॅनेजमेंटच्या आणि किचनमधल्या मुलांचे कागद बघून देतो. म्हणजे हा धंदा मी कढईच्या दोन्ही बाजूंनी पाहिलाय.

आधी मालकाच्या बाजूचा हिशोब बघ, कारण तो कुठलाच दलाल सांगत नाही. तिथल्या रेस्टॉरंटला परदेशातून कुक आणायचा तर तीन पायऱ्या असतात. एक, रेस्टॉरंटनं स्वतःला स्पॉन्सर म्हणून मंजूर करून घ्यायचं, त्याची फी ४२० ऑस्ट्रेलियन डॉलर. दोन, विशिष्ट जागेसाठी तुझं नामांकन करायचं, ते ३३० डॉलर. त्याच्यासोबत एक लेव्ही म्हणजे सरकारी आकार भरावा लागतो, वर्षाची उलाढाल एक कोटी डॉलरच्या आत असलेल्या धंद्याला व्हिसाच्या प्रत्येक वर्षामागे १,२०० डॉलर. चार वर्षांचे ४,८०० झाले. तीन, तुझा व्हिसा अर्ज. पहिल्या दोन पायऱ्यांची बेरीज ५,५५० डॉलर, म्हणजे तीन-साडेतीन लाख रुपये. हा सगळा खर्च कायद्यानं मालकाचा. त्यासाठी त्यानं वकील किंवा एजंट लावला तर त्याची फीसुद्धा मालकाचीच. तुझ्याकडून यातलं काही वसूल करता येत नाही, थेटही नाही आणि पगारातून कापूनही नाही. तुझ्या वाट्याला तुझ्या स्वतःच्या व्हिसाची फी येऊ शकते, ती तीन हजार डॉलरच्या वर आहे. बाकी मेडिकल, इंग्रजीची परीक्षा, पोलिस क्लिअरन्स, तिकीट. कितीही ताणलं तरी चौदा लाख होत नाहीत.

मग चौदा लाख जातात कुठं? मी पाहिलेल्या प्रकरणांत काही भाग इथला दलाल खायचा, काही तिथला, आणि उरलेल्यात मालक स्वतःची फी-लेव्ही भरून वर नफा कमवायचा. कुक हवा म्हणून तो माणूस आणत नसतो, माणूस आणण्याचाच धंदा करत असतो. अशा ठिकाणी बावीस खुर्च्यांच्या हॉटेलात तीन-तीन शेफ ‘लागतात’.

आपल्याकडे ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून उचल घेतात. हंगामाआधी हातात रोख रक्कम पडते, मग ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. वाईट पद्धत आहे, पण निदान पैसे आधी कामगाराच्या हातात पडतात. तू करायला निघालायस ती उलटी उचल. पैसे तू द्यायचे आणि बांधलाही तूच जायचास.

माझंच सांगतो. मी गेलो तेव्हा ४५७ नावाचा व्हिसा होता. मीही पैसे दिले होते, तुझ्यापेक्षा कमी, पण तेव्हाच्या मानानं पुष्कळ. पगार खात्यात चोख जमा व्हायचा, बँकेचं स्टेटमेंट बघितलं तर आदर्श मालक. फक्त दर सोमवारी तो मला गाडीत घालून एटीएमपर्यंत न्यायचा आणि ठरलेले डॉलर परत घ्यायचा. ब्रेक शिफ्ट, म्हणजे दुपारची मधली सुट्टी, तर नावालाच, दुपारी किचनच्या मागं समोसे भरत बसायचं. बोललो का नाही? तेव्हा नोकरी सुटली की नवा स्पॉन्सर शोधायला २८ दिवस मिळायचे. २८ दिवसांत नवं हॉटेल, नवं नामांकन, आणि मागे पुण्यात फेडायचं कर्ज. कोण बोलेल? २०१३ मध्ये ती मुदत ९० दिवस झाली आणि मी त्याच वर्षी बाहेर पडलो. त्यात माझं धाडस किती आणि त्या वाढीव ६२ दिवसांचं बळ किती, हे मला चांगलं माहीत आहे.

आता तुझी बाजू माझ्यापेक्षा बरीच मजबूत आहे. ४५७ बंद होऊन २०१८ मध्ये ४८२ आला आणि ७ डिसेंबर २०२४ पासून त्याच क्रमांकाखाली ‘स्किल्स इन डिमांड’ नावाचा व्हिसा सुरू आहे. कुक आणि शेफ दोन्ही कामं त्याच्या यादीत आहेत. पूर्वी दोन वर्षांचा अनुभव लागायचा, आता मागच्या पाच वर्षांतला एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव चालतो. नोकरी सुटली तर एका वेळी १८० दिवस आणि पूर्ण व्हिसाकाळात मिळून ३६५ दिवस मिळतात, त्या काळात दुसरीकडे कामही करता येतं. दोन वर्षं स्पॉन्सर केलेल्या नोकरीत काढली की मालकाच्या नामांकनावर कायमस्वरूपी व्हिसाकडे, म्हणजे पीआरकडे, जाण्याची वाट आहे, वय पंचेचाळिशीच्या आत असलं तर. मालक बदलला म्हणून आधीची वर्षं वाया जात नाहीत, फक्त तो मालकही मंजूर स्पॉन्सर असायला हवा. हा बदल फार मोठा आहे. ‘दोन वर्षं गप्प बस, पीआर करून देतो’ ही मालकाची धमकी यामुळे बोथट झाली. पण चौदा लाख देऊन गेलास तर हे १८० दिवस कागदावरच राहतील. ज्यानं पैसे मोजलेत तो तक्रार करायला जात नाही. आपलाच गुन्हा उघडा पडेल अशी भीती असते, आणि भोरच्या जमिनीची रक्कम अजून फिटलेली नसते.

पगाराचा हिशोबही करून बघू. १ जुलै २०२५ ला या व्हिसावरच्या माणसाचा वर्षाचा किमान पगार ७६,५१५ डॉलर झाला, सुपर म्हणजे तिकडचा पीएफ सोडून. आठवड्याला १,४७१ झाले. तिथला कामाचा आठवडा ३८ तासांचा, म्हणजे तासाला साडेअडतीस डॉलरच्या वर. ऐकायला झकास. आता ज्या किचनमध्ये तुला साठ तास उभं करतील तिथं हेच १,४७१ भागिले साठ कर. साडेचोवीस येतात. त्याच तारखेपासून तिथलं देशभराचं किमान वेतन तासाला २४.९५ होतं. म्हणजे कागदावर कुशल कामगार आणि हातात भांडी घासणाऱ्यापेक्षा कमी. त्यातून ते ‘सहा लाख पगारातून’ आठवड्याला तीनशे डॉलरनं कापले तर दर वीसच्याही खाली येतो. म्हणून ऑफर लेटरवर वार्षिक आकडा बघून हुरळू नकोस. आठवड्याचे तास किती लिहिलेत ते बघ, आणि रोस्टर म्हणजे शिफ्टचं वेळापत्रक माग. जाणूनबुजून पगार बुडवणं १ जानेवारी २०२५ पासून तिथं फौजदारी गुन्हा आहे, त्यामुळे सरळ मालक रोस्टर दाखवायला का-कू करत नाही.

किमान पगाराचा हा आकडा एवढा वर का गेला, तेही समजून घे. २०१३ पासून २०२३ पर्यंत तो ५३,९०० वर गोठलेला होता. दहा वर्षं! त्या काळात बाहेरून आणलेला कुक स्थानिकापेक्षा स्वस्त पडायचा, आणि स्वस्त पडतो म्हणूनच आणला जायचा. १ जुलै २०२३ ला तो एकदम ७०,००० केला. त्यानंतर खरी गरज असलेले मालक टिकले. बाकीचे एक तर थांबले किंवा रोख परत घेण्याच्या जुन्या मार्गाला लागले. तुझ्या माणसानं पगार म्हणून नेमका किमान आकडाच सांगितलाय आणि वर ‘पगारातून सहा’ म्हणाला, यावरून तो कुठल्या गटातला हे तूच ठरव.

हेड शेफ असताना मी ज्यांना आणलं त्यांच्यात काय बघायचो? हात तर बघायचोच. व्हिडिओवर तंदूर लावायला सांगायचो, रोटी किती वेळात निघते यापेक्षा सळई कशी धरतो, काम करताना टेबल पुसतो का, हे बघायचो. पण माणसं अडकायची ती कागदांवर, आणि यात आपलं पुणं फार मागे आहे. इथं बऱ्याच किचनमध्ये पगार अर्धा खात्यात, अर्धा पाकिटात. वीस माणसं झाली की पीएफ लागू होतो, म्हणून मस्टरवर एकोणीसच नावं. मुलगा सहा वर्षं करी सेक्शन एकहाती चालवत असतो आणि सरकारी कागदांत तो कुठेच नसतो. तिकडच्या अधिकाऱ्यानं पुरावा मागितला की याच्याकडे स्टाफ पार्टीतले फोटो.

तू पाठवलेल्या कागदांत आधीच्या हॉटेलातला पीएफ दिसतोय, यूएएन म्हणजे पीएफचा खाते क्रमांक चालू आहे, हे चांगलं. सध्याच्या ठिकाणी मात्र दोन वर्षांत एकही सॅलरी स्लिप नाही. ते आजच सुरू करून घे. मालकाला भांडून नको, ‘लोनसाठी लागते’ म्हणून माग, ते त्यांना लगेच पटतं. पगार पूर्ण खात्यात घे, कमी दिसला तरी चालेल. उत्पन्न करपात्र नसलं तरी रिटर्न भर. आणि अनुभवाचं पत्र घेताना ‘मुलगा प्रामाणिक व मनमिळाऊ आहे’ असलं काही नको. लेटरहेडवर रुजू झाल्याची तारीख, पूर्णवेळ की अर्धवेळ, आठवड्याचे तास, पद, आणि काम काय करतोस ते सविस्तर: मॅरिनेशन, बेस ग्रेव्ही, तंदूरवरचा पास, पोर्शनिंग, स्टॉक मोजणं, इंडेंट म्हणजे सामानाची मागणी काढणं, हाताखालच्या कॉमीला म्हणजे नवशिक्या कुकला शिकवणं. खाली सही, शिक्का आणि फोन उचलेल अशा माणसाचा नंबर. तिकडून खरंच फोन येतो.

तुझ्या ओळखपत्रावर डेमी शेफ लिहिलंय म्हणून शेफच्या जागेवर अर्ज करू नकोस. तिकडच्या व्याख्येत शेफ म्हणजे मेनू ठरवणारा, खर्च बसवणारा, माणसं नेमणारा. तू करतोस ते काम कुकचं, आणि त्यात कमीपणा काही नाही. दलालाला पदाचं सोयरसुतक नसतं, तो सरसकट ‘शेफ’ भरतो. मग मुलाखतीत फूड कॉस्ट विचारली की मुलगा गार. टेकअवेच्या काउंटरवरचं काम यात बसत नाही हेही लक्षात ठेव. तुला सांगितलेल्या हॉटेलचा मेनू आणि फोटो मी पाहिले. चार टेबलं आणि बाहेर डिलिव्हरीच्या मुलांची रांग. मला तिथं पूर्णवेळ कुकची मंजुरी मिळेल असं वाटत नाही.

रेस्टॉरंट तपासायला पैसे लागत नाहीत. तिथल्या प्रत्येक धंद्याला अकरा आकडी एबीएन, म्हणजे व्यवसाय क्रमांक, असतो, तो सरकारी संकेतस्थळावर टाकला की कंपनीचं खरं नाव आणि नोंदणी कधीची ते दिसतं. सहा महिन्यांपूर्वी जन्मलेली कंपनी दिसली तर थांब. एजंट असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक माग, तोही सार्वजनिक यादीत सापडतो. आणि मालकाशी बोललास तसं तिथल्या एखाद्या कुकशीही बोल, पण मालकानं लावून दिलेल्या फोनवर नको. आपल्या लाइनीत कुणाचा ना कुणाचा वस्ताद तिकडे असतोच.

‘सरकारनं भारतीय शेफसाठी कोटा काढलाय’ असंही तुला सांगितलंय. त्यात अर्धं खरं आहे. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ ला लागू झाला, त्यात पारंपरिक शेफ आणि योगशिक्षक मिळून वर्षाला १,८०० जणांची तरतूद आहे. पण ती कुठल्याही दलालाला वाटून दिलेली नाही. त्याच्या खिशात त्यातल्या ‘पाच सीट’ नाहीत.

दुसरे देश तू विचारलेस, त्यावर घाईनं लिहितो. इंग्लंड विसर. २२ जुलै २०२५ पासून तिथं कुशल कामगारांच्या व्हिसाची पातळी पदवीपर्यंत नेली आणि शेफचं पद बाहेर पडलं. आधीपासून तिथं असलेल्यांची गोष्ट वेगळी, पण आज पुण्यात बसून कुणी लंडनच्या तंदूर शेफचं नवं स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट विकत असेल तर तो तुला चक्क फसवतोय. कॅनडात मालकाला एलएमआयए, म्हणजे परदेशी कामगार आणायची मंजुरी, काढायला एका जागेमागे हजार कॅनेडियन डॉलर लागतात, तेही कामगाराकडून घेता येत नाहीत. त्याचा एवढा बाजार झाला की २५ मार्च २०२५ पासून नोकरीच्या ऑफरचे एक्स्प्रेस एंट्रीतले, म्हणजे तिथं कायमचं जाण्याच्या गुणपद्धतीतले, गुण सरकारनं काढूनच टाकले. जर्मनीत खास पदार्थांच्या कुकसाठी वेगळी सोय आहे, पण जास्तीत जास्त चार वर्षं. जपानमध्ये भारतीय जेवणाच्या कुकला कुशल कामगाराचा व्हिसा हवा तर दहा वर्षांचा अनुभव लागतो. तुझी पाचच झालीत, आणि उरलेली पाच खोट्या पत्रानं भरून देणारे लोक आहेत, त्यांच्या नादी लागू नकोस. न्यूझीलंडचा विचार कर. तिथं आधी मान्यता मिळालेला मालकच माणूस आणू शकतो, मार्च २०२५ पासून अनुभवाची अटही तीनवरून दोन वर्षांवर आलीय, आणि नोकरीसाठी पैसे घेणं तिथंही बेकायदा आहे.

या सगळ्यात आपल्याच देशाचा कायदा लोक विसरतात. परदेशातल्या नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परवाना लागतो, देश कुठलाही असो. परवानाधारकांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे. आणि परवाना असलेला एजंटसुद्धा सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेऊ शकतो. तुझ्या चुलतभावाच्या ओळखीतल्यानं नुसत्या टोकनचेच पन्नास हजार घेतले!

तुझ्या बायकोचं म्हणशील तर या व्हिसावर तीही येऊ शकते आणि तिला कुठंही काम करता येतं. ती अकाउंट्स बघते ना? मग तिचीही कमाई सुरू होऊ शकेल. तिचं इंग्रजी तुझ्यापेक्षा बरं असणार. घरी दोघं मिळून आयेल्ट्सचा, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेचा, अभ्यास करा, क्लासचे पैसे वाचतील.

जमीन विकायचं आधी थांबव. मग त्या माणसाला फोन न करता व्हॉट्सॲपवर लिही, फोनवर तो गोड बोलेल आणि तू विरघळशील. साध्या भाषेत: ‘अमुक तारखेला तुम्ही मेलबर्नच्या नोकरीच्या स्पॉन्सरशिपसाठी माझ्याकडून ५०,००० रुपये घेतलेत. तुमचा भरतीचा परवाना क्रमांक कळवा. नसेल तर पंधरा दिवसांत रक्कम परत करा.’ बास. शिव्या नकोत, पोलिसांचं नावही नको. पैसे यूपीआयनं दिलेस ते बरं झालं, त्या नोंदीची प्रिंट काढून ठेव. पंधरा दिवसांत हालचाल नाही झाली तर ती प्रिंट आणि हा संदेश घेऊन पोलिस चौकीत लेखी अर्ज दे, आणि त्याची प्रत मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या, म्हणजे परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठीच्या सरकारी अधिकाऱ्याच्या, कार्यालयाला पाठव. चुलतभाऊ मधे पडेल, ‘नात्यात कशाला’ म्हणेल. त्याला हे उत्तर वाचायला दे. आणि संदेशाला उत्तर आलं नाही तरी दोन निळ्या टिकांचा स्क्रीनशॉट तेवढा काढून ठेव.